आठ तासांची लाईट

सकाळी 6

फेब्रुवारीत आमच्या सांगोला भागात डाळिंबाचा अंबिया बहार धरलेला असतो. महिना-दीड महिना पाणी तोडून झाडं ताणावर ठेवलेली, पानगळ उरकलेली, छाटणी झालेली. आता ताण मोडायचा म्हणजे पहिलं पाणी वेळेवर मिळालंच पाहिजे, आणि नेमक्या त्याच आठवड्यात मोटर जळते. रात्रपाळीचे फीडर पहाटे बंद होतात आणि रात्रभर जागलेल्या माणसांचे मला, मोटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, फोन सुरू होतात.

निम्मं निदान फोनवरच होतं. "मोटर फिरतीय पण पाणी न्हाई" म्हणजे पाईप फुटला असेल, नाहीतर दोन फेज अदलाबदल होऊन पंप उलटा फिरत असेल. त्यात घाई नसते. "नुसती हूं हूं करतीय, उचलत न्हाई" असं कुणी म्हटलं की मात्र मी आवाज चढवतो. "बटन दाबू नका. पेटी बंद करा, मी येतोय." सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. रोटर फिरला तर तो करंट लगेच उतरतो. अडकला किंवा एक फेज नसला तर तेवढाच वाहत राहतो. जमिनीवरच्या मोटरला अंगभर लोखंड असतं, ती थोडा वेळ तग धरते. बोअरातली सबमर्सिबल सडपातळ. तिची तांब्याची तार काही सेकंदांतच भाजते. म्हणून तिचा ओव्हरलोड रिले दहा सेकंदांच्या आत सुटणाऱ्या वर्गातला लागतो. दुकानात "साडेसातचा स्टार्टर द्या" म्हणून जो मिळतो त्यातला रिले तसा असेलच, याची खात्री नसते. आपण विचारायचं असतं.

सकाळी 7.15

शेडमध्ये आमच्याकडचे शेतकरी तात्या यांची मोटर उघडून ठेवली होती. साडेसात हॉर्सपॉवर, सहा इंची, काल संध्याकाळी वर काढलेली. तात्या स्वतः हजर. वाकून बघितलं आणि म्हणाले, "पाणी शिरलं म्हणायचं."

ही मोटर मुळात पाण्यानंच भरलेली असते. तिच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असतं आणि ती बंद खाचांतून एकेक फेरा ओवत भरावी लागते. पाणीच तिला थंड ठेवतं आणि तेच तिच्या बुशचं वंगण. त्यामुळे पाणी शिरून जळाली, हे गावोगावचं निदान बहुतेक वेळा चुकीचं. आवरण वितळल्यावर पाणी तांब्यापर्यंत पोचतं, पण ते शेवटी. आधी काय झालं ते कॉइल सांगतात.

स्टेटर उजेडाकडे फिरवला. गोलाकार मांडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर, आवरण वितळून खाचेत साचलेलं. मधल्या एका फेजच्या कॉइल मात्र आज भरल्यासारख्या लाल. असा पट्टेरी जळालेला स्टेटर दिसला की उत्तर एकच, सिंगल फेजिंग. मोटर आतून स्टारमध्ये जोडलेली असेल तर गेलेल्या फेजची कॉइल वाचते आणि उरलेल्या दोघी जळतात. डेल्टात उलटं, एक जळते आणि दोन वाचतात. चालत्या मोटरचा एक फेज गेला तर ती थांबेलच असं नाही. पाणी चढवत राहते, आणि राहिलेल्या दोन तारांतून पावणेदोन पटीच्या आसपास करंट ओढते. नुसत्या ओव्हरलोडनं जळाली असती तर तिन्ही फेज सारखे काळे झाले असते.

"पन पेटीत प्रिव्हेंटर बसवलाय की," तात्या म्हणाले. "हिरवा दिवा पेटलेला होता. माझ्या डोळ्यांनी बघितलाय."

प्रिव्हेंटरचं काम म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणं. मला तात्यांच्या डोळ्यांबद्दल शंका नव्हती. स्टेटर पोराच्या ताब्यात दिला. कॉइल कापायच्या आधी फेरे आणि तारेचा गेज वहीत उतरवायला सांगितलं. बदली मोटर गाडीत टाकली. मोटर भरून व्हायला वेळ लागतो, नंतर ती रात्रभर पाण्यात बुडवून इन्सुलेशन तपासायच्या मेगरला लावायची असते. बहार तेवढा थांबत नाही.

सकाळी 8.30

या आठवड्यात आमच्या फीडरला दिवसपाळी, साडेआठ ते साडेचार. लाईट आली की वस्त्यांवरच्या ऑटोंची, म्हणजे मोटर आपोआप चालू करणाऱ्या स्विचांची, खटखट एकदम ऐकू येते, आणि बल्ब क्षणभर मान टाकतो. या ऑटोंकडे दुपारी यायचंय.

आधी तात्यांची पेटी. मेन खाली पाडला, फेज नाही ना बघितलं आणि कॉन्टॅक्टर उघडला. तीन जोड्या संपर्कांपैकी दोन ठीक. तिसरीवर चांदीचा ठिपका उडालेला, खाली तांबं खरवडलेलं आणि त्यात भाजून वाळलेली पाल. आमच्या या माणदेशात पेटीला भोक असलं की पाल, मुंगळे, गांधीलमाशी यांचा हक्काचा मुक्काम असतो. पाल मधे आल्यावर संपर्क नीट मिटत नाही, ठिणगी पडत राहते, आणि एके दिवशी तो फेज मोटरपर्यंत पोचतच नाही.

मग हिरवा दिवा का? तात्यांचा प्रिव्हेंटर व्होल्टेज बघणारा आहे. तो कॉन्टॅक्टरच्या अलीकडे बसलाय. त्याला डीपीकडून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून, तिन्ही फेज येताना दिसत होते, त्याच्या पुढे काय चाललंय ते कळायला मार्गच नव्हता. व्होल्टेजवाल्याची दुसरी अडचण अशी की चालत्या मोटरचा फेज बाहेर कुठे तुटला तरी मोटर स्वतःच त्या तारेवर बरंच व्होल्टेज उलटं तयार करते, आणि तो फसतो. करंट बघणारा प्रिव्हेंटर फसत नाही. तार डीपीवर तुटो, कॉन्टॅक्टरमध्ये तुटो की तीनशे फूट खाली केबलच्या जोडात, त्या फेजचा करंट शून्य होणारच. तो थोडा महाग असतो. माझ्या मते मोटर एकदा भरायचा खर्च ज्यानं दिलाय त्यानं व्होल्टेजवाला घेऊच नये.

कॉन्टॅक्टर बदलला, भोकं बुजवली, करंटवाला बसवला. त्यातच ड्राय रनची सोय आहे. बोअरचं पाणी तुटलं की पंपाचा भार उतरतो आणि करंट निम्म्याच्या आसपास येतो. ओव्हरलोड रिलेला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण त्याला फक्त वाढलेला करंट कळतो. इकडे मोटरभोवती पाणी वाहत नाही, ती आतल्या पाण्यासकट तापते आणि थ्रस्ट बेअरिंग खरवडतं. कमी करंटची मर्यादा मी भार घेतलेल्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांवर लावतो, तीही पंप पाणी मारत असताना मोजून. पाटीवरचा आकडा बघून लावलेली मर्यादा एकतर उगाच ट्रिप मारते, नाहीतर कधीच मारत नाही.

सकाळी 10

तिपाई, चेन पुली, चार माणसं. सोडण्याआधी बदली मोटरचं झाकण काढून स्वच्छ पाणी भरलं, हलवून हवेचे बुडबुडे घालवले. केबलचे तीन जोड मागेपुढे ठेवले, एकाच जागी आले की फुगवटा बोअरच्या भिंतीला घासतो. टेप गुंडाळून जोड बादलीत बुडवला आणि 500 व्होल्टचा मेगर लावला. काटा वरच राहिला. दर दोन-तीन पाईपांनंतर पुन्हा मेगर. अर्ध्यात केबल सोलली गेली तर ती तिथंच कळलेली बरी.

केबलबद्दल तात्यांशी दरवर्षीचा वाद. त्यांची जुनी केबल अडीच चौरस मिलिमीटरची. बोअरची खोली आणि पेटीपर्यंतचं अंतर मिळून दीडशे मीटर धरलं, तर तेरा-साडेतेरा अँपिअरला ही केबल 27-28 व्होल्ट वाटेतच खाते. चार चौरसची घेतली तर 17. पेटीवरच 390 व्होल्ट येत असताना जुन्या केबलनं खाली तीनशे साठ-बासष्टच पोचतात. मग मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते. या वेळी चारची घातली.

11.40 ला बटन दाबलं. पाणी आलं, गढूळ, मग निवळत गेलं. करंट मोजायला टाँग टेस्टर लावला. आर फेजला 14.2, वायला 13.1, बीला 12.6. सरासरी 13.3. सगळ्यांत लांबचा आकडा 0.9 नं दूर, म्हणजे जवळजवळ सात टक्के तफावत. सबमर्सिबलला पाचच्या वर चालू देऊ नये. व्होल्टेजमधली एक टक्का तफावत करंटमध्ये सहा ते दहा पट होऊन दिसते, आणि ती उष्णता नेमकी एकाच फेजच्या कॉइलला सोसावी लागते.

आता दोष मोटरचा की लाईटचा? यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. पंप बंद करून पेटीतल्या मोटरच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवल्या. तिन्ही एकाच दिशेनं सरकवल्या की फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा चालू, पुन्हा मोजणी. मग आणखी एक घर पुढे. मोठा आकडा तारेबरोबर सरकला असता तर मोटरमध्ये किंवा केबलमध्ये खोट. तो जागचा हलला नाही, तिन्ही वेळा आरवरच राहिला, आणि सगळ्यांत लहान बीवर. म्हणजे खोट पेटीच्या अलीकडे, तारांवर किंवा डीपीत.

"मंजे मोटर बरी हाय," तात्या म्हणाले.

"मोटर बरी आहे. डीपी बघायला वायरमनला बोलवा."

दुपारी 1

बांधावर भाकरी, शेंगाची चटणी. याच वेळात शेजारच्या काकी विहिरीवरच्या मोटरची तक्रार घेऊन आल्या. विहिरीत उभी टांगलेली बोअरची मोटर वारंवार गरम होते. बोअरात पाणी मोटरच्या अंगाला घासून वर जातं, रुंद विहिरीत ते बाजूनं थेट पंपात शिरतं आणि मोटर साचल्या पाण्यात बसते. तिच्यावर बाहेरून पाईपचा अंगरखा चढवायचा, म्हणजे पाणी खालून मोटरला घासूनच वर येईल. काकींना हे बोलता बोलता पटलं. उद्या पाईप आणतील.

दुपारी 2.15

डीपीवर वायरमन आले, परमिट घेतलं आणि मगच हात घातला. हे लिहून ठेवतोय, कारण फ्यूज टाकायला स्वतःच चढणारे शेतकरी अजून आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यातलं कुणीतरी जातं. बी फेजच्या किटकॅट फ्यूजची पकड ढिली झाली होती, तारेचं टोक काळं पडलं होतं. त्यांनी ते घासून घट्ट केलं. वरच्या, उच्चदाबाच्या बाजूचे डीओ फ्यूज तिन्ही बघितले. वरचा एक डीओ गेला की खाली टेस्टर तिन्ही फेजवर पेटतो, माणूस म्हणतो लाईट आहे, आणि प्रत्यक्षात दोन फेज निम्म्यावर आलेले असतात. आज तसं नव्हतं. लाईट परत आल्यावर तात्यांच्या पेटीत 13.8, 13.6, 13.4.

डीपी 63 केव्हीएचा. त्यावर सात मोटरी, सगळ्या साडेसातच्या. गेल्या उन्हाळ्यात तो जळाला होता, आणि दुसरा येईपर्यंत बागा कशा जगवल्या ते सगळ्यांना आठवत होतं. त्यामुळे वायरमन आल्याचं कळताच सातांपैकी सहा जण जमले. अशी सभा पुन्हा मिळत नाही. गाडीतून तीन केव्हीएआरचा कपॅसिटर काढला.

कपॅसिटर म्हटल्यावर इथं निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर रात्रीचा जुगाड येतो. दोनच फेज चालू असताना कंडेन्सर लावून तिसरा उभा करायचा आणि मोटर ओढायची. तो डबा आणि हा डबा दिसायला भाऊभाऊ, पण काम वेगळं. जुगाडाच्या कंडेन्सरवर तिन्ही फेजचा करंट कधीच समान राहत नाही. ती मोटर आज ना उद्या माझ्या शेडमध्ये येतेच.

मी तात्यांच्या पेटीत कपॅसिटर जोडला, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले यांच्या मधे. कॉन्टॅक्टरनंतर असला की मोटरबरोबर चालू, मोटरबरोबर बंद. रिलेच्या पुढे, मोटरच्या बाजूला जोडला असता तर रिलेला कमी झालेलाच करंट दिसला असता आणि त्याची सेटिंग खाली आणावी लागली असती. तशा जोडलेल्या, पण सेटिंग खाली न आणलेल्या पेट्या मी खूप पाहतो. मोटर तापत असते आणि रिले निवांत असतो.

मग टाँग टेस्टर तात्यांच्याच हातात दिला. "आधी मोटरकडच्या तारेला लावा." 13.6. "आता डीपीकडून येणाऱ्या तारेला." 11.8.

"मधल्यामधे दोन अँपिअर गेलं कुटं?"

मोटरला दोन प्रकारचा करंट लागतो. एक पाणी चढवतो. दुसरा आतलं चुंबकत्व उभं करतो. तो काम करत नाही, नुसता ये-जा करतो, पण वाटेतली प्रत्येक तार तापवतो. सबमर्सिबल बोअरात मावावी म्हणून बारीक केलेली असते, त्यामुळे तिचा पॉवर फॅक्टर जेमतेम 0.8 च्या आसपास. कपॅसिटर तो ये-जा करणारा करंट पेटीतच पुरवतो, डीपीपर्यंत हेलपाटा घालावा लागत नाही. आमच्या मोजणीत पॉवर फॅक्टर 0.79 वरून 0.91 वर गेला. कपॅसिटरचा स्वतःचा करंट साडेतीन अँपिअर होता, तरी तारेवर पावणेदोनच कमी झाला. हे दोन करंट सरळ वजा होत नाहीत, काटकोनात मांडावे लागतात. डब्यावर तीन केव्हीएआर लिहिलंय ते 440 व्होल्टला. 390 ला तो सव्वादोनच्या थोडं वर देतो.

एका पोरानं लगेच विचारलं, "मग पाच केव्हीएआरचा लावू की." नको. पाच हॉर्सपॉवरला दोन, साडेसातला तीन, दहाला चार. मोटरच्या चुंबकीय करंटपेक्षा कपॅसिटर मोठा झाला, तर लाईट गेल्यावर फिरती मोटर आणि कपॅसिटर मिळून व्होल्टेज भलतंच वर नेऊ शकतात. आणि ज्याच्याकडे सौर पंप आहे त्यानं कंट्रोलरनंतर कपॅसिटर अजिबात लावू नये, कंट्रोलर जाईल.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न तात्यांनीच विचारला. "माजं बिल किती कमी हुईल?"

नाही होणार. कारखान्याला कमी पॉवर फॅक्टर महागात पडतो, उच्चदाब ग्राहकांचं बिलच 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे ये-जा करणाऱ्या करंटसकट निघतं. शेतीपंपाला तसं काही नाही. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत तर 2024 पासून वीज मोफत आहे. कपॅसिटरनं पंपाचं पाणीही वाढत नाही. पेटीपासून बोअरापर्यंतच्या केबलचा करंट तसाच 13.6. "वीज बचत यंत्र" म्हणून बाजारात जो डबा विकतात त्यात बहुतेकदा हाच कपॅसिटर असतो, आणि त्यावरची बिलाची टक्केवारी ही शुद्ध थाप आहे.

"मग घालवू कशाला पैसं?"

मी डीपीकडे बोट केलं. 63 केव्हीएच्या डीपीचा खालच्या बाजूचा पूर्ण करंट 84 अँपिअर. सात मोटरी प्रत्येकी 13.6 म्हणजे 95. सातांनी लावला तर 83. एकट्यानं लावला तर 93, म्हणजे नसल्यातच जमा. तारांवरची उष्णता करंटच्या वर्गानं चालते, म्हणून सगळ्यांनी मिळून लावला तर ती पाव हिस्सा उतरते. शेवटच्या वस्तीवर जिथं व्होल्टेज मरतं तिथं ते थोडं उठतं. मोटरीचं संरक्षण हे ज्याचं त्याच्या पेटीत असतं, त्याला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही. पॉवर फॅक्टर मात्र डीपीवरच्या सगळ्यांचा एकच असतो, आणि आमच्याकडे सामायिक बांधावरचा आंबासुद्धा सुखानं उतरत नाही.

"आदी त्यानं लावू दे," असं दोघांनी एकमेकांकडे बघून म्हटलं. पण जळलेला डीपी सगळ्यांनी पाहिलेला होता. पाच जण तयार झाले, सहावा घरी विचारून सांगणार.

दुपारी 4.30

लाईट गेली. टेस्टर लावू देण्याआधी मी तात्यांच्या कपॅसिटरला दोन मिनिटं हात लावू दिला नाही. आतला रोधक भार उतरवतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो.

उरला ऑटोचा प्रश्न. ऑटो स्विच काढून टाका, असं वीज कंपनी सांगून थकली. रात्रपाळीला विंचूकाट्यातून, बिबट्याच्या बातम्या ऐकत बटन दाबायला जाणाऱ्या माणसाला ते ऐकवत नाही, हे मला मान्य आहे. पण सात ऑटो एकाच क्षणी मोटरी उचलतात तेव्हा डीपीवर पाच-साडेपाचशे अँपिअरचा झटका येतो, आणि किटकॅट ढिले होण्याची सुरुवात तिथूनच होते. शिवाय व्होल्टेज इतकं बसतं की एकही मोटर धड वेग घेत नाही. काढत नसाल तर निदान रांगेत लावा. सगळ्यांच्या ऑटोत उशीर लावायची सोय आहे, आजवर कुणी हात लावलेला नव्हता. पहिली मोटर लाईट आल्यावर एक मिनिटानं, म्हणजे तोवर कपॅसिटरही बराच उतरलेला असेल. मग दर अर्ध्या मिनिटाला पुढची. सातवी चार मिनिटांनी.

कपॅसिटरवर जेवढा वाद झाला नाही तेवढा पहिलं कोण यावर झाला. कुणाचं शेत लांब, कुणाची बाग मोठी, कुणाचे वडील डीपीसाठी अर्ज घेऊन हिंडले होते. शेवटी तात्यांनीच चिठ्ठ्या टाकायला लावल्या आणि त्यांची स्वतःची सातवी निघाली. आठ तासांच्या पाळीतली चार मिनिटं. पण चहा होईपर्यंत ते मला म्हणत होते, "मिस्त्री, निदान दोन मिनिटांवर आणा की. कुनाला कळतंय?"